आतल्या डोळ्याचं शिबिर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पाचवी ते दहावीची पोरं सतरंजीवर एकमेकांच्या गुडघ्यांत गुडघे घालून बसली होती, पालक भिंतीला टेकून उभे होते आणि ज्यांना दारातून आत येता आलं नाही ते खिडक्यांचे गज धरून बाहेर लटकले होते. व्यासपीठावर नववीतली एक काडीसारखी मुलगी डोळ्यांवर काळी जाड पट्टी बांधून वर्तमानपत्र वाचत होती.

“पाणीपुरवठा... दोन दिवस... बंद राहणार,” ती अडखळत म्हणाली.

टाळ्यांनी छताचे पत्रे हादरले.

“पाहिलंत?” तिच्याशेजारचा पांढऱ्या कपड्यांतला माणूस पुढे सरसावला. “पट्टी तिपदरी! आत कापूस! सुई शिरणार नाही, उजेडाची काय बिशाद! मग वाचतंय कोण? डोळे? छे! मेंदूच्या मधोमध एक केंद्र असतं, वाटाण्याएवढं. अक्षरांतून कंपनं निघतात, ती थेट तिथे पोचतात. शास्त्राला याचा आत्ता कुठे वास लागलाय, आम्ही ते कधीच उघडून बसलोय!”

वर्तमानपत्रातून कंपनं निघत असतील तर ती नेमकी मोठ्या मथळ्यांतूनच का निघतात आणि बारीक टाइपातून का नाही, हे कुणी विचारलं नाही. हेडसरांनी आपलं पेन पुढे केलं. मुलीने मान जराशी वर उचलली, ते तळहातावर उलटंपालटं केलं आणि म्हणाली, “हिरवं. टोपण सोनेरी.” पुन्हा टाळ्या.

विज्ञानाच्या बाई मधल्या रांगेतून उठल्या. “मी तिच्या हनुवटीखाली हा पुठ्ठा आडवा धरू का? फक्त एक मिनिट.”

पांढऱ्या कपडेवाल्याने खिन्नपणे मान हलवली. “बाई, शंका म्हणजे थंड वारा. कळी उमलायच्या आत मिटते.”

“बसा हो बाई!” मागून कुणीतरी ओरडलं. “पोरीचं कौतुक करायचं सोडून हे काय!”

बाई बसल्या. पट्टीखाली मुलीच्या गालावरून घाम ओघळला. बाईंनी पुठ्ठा धरला असता तर फार बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आणि धरला नाही म्हणून हायसंही वाटलं.

हजेरीपटात तिचं नाव काहीही असो, शाळा तिला टाचणी म्हणायची. बाप शिंपी आणि अंगाने ही अशी, म्हणून. वर्गात ती कधी पहिली नव्हती, कधी शेवटची नव्हती. बाईंनी फळा पुसायला सांगितला तरच तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष जायचं. हेडसरांनी चित्रकलेच्या खोलीत दहा दिवसांचं शिबिर ठेवलं आणि त्यात बारा मुलं निवडली, तेव्हा त्या बारांत आपण कशा आलो हेच तिला कळलं नाही. कारण साधं होतं. पट्ट्या तिच्या वडिलांनी शिवून दिल्या होत्या.

पहिले दोन दिवस नुसते तळहात चोळणं आणि लांब श्वास. तिसऱ्या दिवशी पट्ट्या चढल्या. “आता हळूहळू उजेड दिसेल,” तो पांढऱ्या कपड्यांतला बुवा म्हणाला. “ज्याचं मन स्वच्छ, त्याला आधी दिसेल. ज्याला दिसणार नाही, त्याने घरी जाऊन स्वतःला विचारावं, का दिसत नाही.”

टाचणीला उजेड दिसला. नाकाच्या दोन्ही बाजूंना, जिथे पट्टी गालाला टेकत नव्हती तिथे, बोटभर रुंदीची फट होती. मान थोडी मागे टाकली की त्या फटीतून स्वतःची मांडी दिसत होती आणि मांडीवर ठेवलेला लाल चेंडू.

“लाल,” ती म्हणाली.

“वा!” तो ओरडला. “पहिली कळी उमलली!”

तिचं घर त्या दिवशी उजळून निघालं. वडील येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगत होते, “माझ्या हातची शिवण आहे, आरपार काही जाणं शक्य नाही. तरी पोरगी वाचते!” आईने शेजारणीला दोनदा बोलावून आणलं. आणि टाचणी विचार करत राहिली, की बाकीच्या अकरा जणांना खरंच आतून दिसतंय, लबाड काय ती मी एकटीच.

पाचव्या दिवशी तिने धीर केला. सगळे गेल्यावर ती त्याच्यापाशी थांबली. “गुरुजी, मला ना... खालून दिसतं. नाकापाशी फट आहे.”

तो रागावला नाही, हेच वाईट झालं. हसला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. “ते खालून नाही बेटा, आतून आहे. सुरुवातीला खालून आल्यासारखं वाटतं. कुणाजवळ बोलू नकोस हं. बोललं की शक्ती जाते, आणि आईबाबांची मान खाली जाते.”

त्याला ठाऊक आहे, हे टाचणीला तेव्हाच उमजलं. पण उमजणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

टाचणीच्या बाकावर भिंगू बसायची. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून भिंगू. तिच्या डोळ्यांतला दाब वाढायचा. काचबिंदू, असं डॉक्टरांनी लहानपणीच सांगितलं होतं, आणि सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब नेमाने घालायचे होते. फळ्यावरचं दिसलं नाही की टाचणी तिच्या कानात वाचून दाखवायची. भिंगू बदल्यात गणितं सोडवून द्यायची. पाचवीपासून त्यांचा संसार असा चालला होता.

सभागृहातल्या प्रयोगाला भिंगूचे बाबा आले होते. पोस्टात काम करणारा सरळ माणूस, पण मुलीच्या डोळ्यांपायी पोळलेला. प्रयोग संपल्यावर ते पांढऱ्या कपड्यांपुढे हात जोडून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी भिंगू बाकावर आली ती उड्या मारतच.

“थेंब बंद! गुरुजी म्हणाले, बाहेरचं औषध आतल्या डोळ्याला झोपवतं. तीन आठवडे घालायचे नाहीत. मग मी पण तुझ्यासारखी! चष्मासुद्धा नको!”

“डॉक्टरांना विचारलं?” टाचणीने विचारलं.

“डॉक्टर काय म्हणणार! बाबा म्हणाले, आठ वर्षं डॉक्टरांचं ऐकलं. तूच सांग, तुला दिसतं ना?”

टाचणी म्हणाली, “हो.”

हे ‘हो’ पुढे तिला काट्यासारखं सलत राहिलं. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगू. रोज आईचा चेहरा पाहून शब्द गिळायची. दुसऱ्या आठवड्यात भिंगूचं डोकं दुखायला लागलं. जिन्यात ती शेवटची पायरी चुकली. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं म्हणाली, आणि खुशीतच म्हणाली, “केंद्र उघडतंय बहुतेक!”

एकोणिसाव्या दिवशी प्रयोगशाळेत भिंगूने चंचुपात्रात पाणी ओतलं. पाणी पात्राच्या उजव्या बाजूला, टेबलावर पडलं. ती ओतत राहिली. वही भिजली, पाणी कडेवरून खाली गळायला लागलं, तरी तिला कळलं नाही. पोरं हसली. टाचणी मात्र रडत उठली आणि सगळ्या वर्गादेखत विज्ञानाच्या बाईंचा हात धरून त्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली.

बाईंनी सगळं ऐकलं. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, “थेंब किती दिवस बंद आहेत?”

“एकोणीस.”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तास सोडला आणि दोघींना घेऊन तडक पोस्ट गाठलं. पण खिडकीपलीकडून भिंगूचे बाबा म्हणाले, “बाई, हजार माणसांनी डोळ्यांनी पाहिलंय. ही पोर तुम्हाला भ्यायलीय म्हणून असं बोलते. पालकसभा आहे ना दुपारी? गुरुजी तिथे आहेत. त्यांच्यासमोर बोला.”

“चालेल,” टाचणी म्हणाली. बाईंच्या आधी.

दुपारी पुन्हा तेच सभागृह, तीच गर्दी. टाचणीने पट्टी बांधून घेतली. मांडीवरचा मथळा घडाघडा वाचला. टाळ्या पडायच्या आत तिने वर्तमानपत्र हेडसरांच्या दिशेने केलं. “सर, आता हे माझ्या कपाळासमोर धरा.”

हेडसरांनी धरलं. टाचणी गप्प.

“वाच ना!” कुणीतरी म्हणालं.

“दिसत नाही. आता खाली धरा, सर.” तिने मान मागे टाकली. “‘बाजारात आग, तीन दुकानं खाक.’ आता वर. दिसत नाही. खाली. दिसतं.”

पांढरा माणूस पुढे धावला. “शंका! तिच्या मनात शंका पेरली कुणीतरी! शक्ती गेली!”

“गेली तर खाली कशी राहिली, गुरुजी?” टाचणीने विचारलं. “माझी शक्ती काय गुडघ्यापर्यंतच पोचते?”

कुठेतरी एक हसू फुटलं आणि विझलं. टाचणीने पट्टी सोडून हेडसरांपुढे धरली. “सर, तुम्ही बांधा. तुम्ही तर शिबिराला नव्हता.”

हेडसर गोंधळले, पण एवढ्या लोकांसमोर नाही म्हणता येईना. पट्टी चढली. बाईंनी त्यांच्या मांडीवर हजेरीपट ठेवला. “मान जरा मागे करा, सर. आणि नाकाच्या शेंड्याकडे पाहा.”

मग हेडसर, बारीक आवाजात, वाचू लागले. “इयत्ता नववी... तुकडी अ...” आणि थांबले. पट्टी काढली तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

शिंपी जागेवरून उठला. त्याच्याकडे पाहायची टाचणीची हिंमत होत नव्हती. “शिवण खरी आहे,” तो जड आवाजात म्हणाला. “कापडातून काही दिसत नाही. पण सरळ कापलेली पट्टी नाकाच्या खळग्यात बसत नाही. हे मला कळायला हवं होतं. मी शिंपी आहे.”

मग शिबिरातला एक दहावीतला मुलगा उभा राहिला. “मला पण खालूनच दिसायचं. मला वाटलं मी एकटाच.” त्याच्यामागून एक मुलगी. “मला पण.” मग आणखी तिघं. शेवटी एकेक करत बाराही जण. प्रत्येक जण इतके दिवस उरलेल्या अकरांना खरं मानून स्वतःची लाज लपवत बसला होता. बुवाने कुणालाच काही शिकवलं नव्हतं. प्रत्येकाची लाज तेवढी पहाऱ्याला बसवली होती.

भिंगूच्या बाबांनी शेवटपर्यंत ऐकलंच नाही. मुलीचा दंड धरून ते गर्दीतून वाट काढत केव्हाच दवाखान्याकडे निघाले होते. या गडबडीत पांढरे कपडेही मागच्या दाराने पसार झाले.

डॉक्टरांनी दाब उतरवला. पण उजव्या डोळ्याची बाहेरच्या बाजूची नजर गेली. “गेलेलं परत येत नाही,” ते म्हणाले. “उरलेलं राखायचं. थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत.”

टाचणी भेटायला गेली तेव्हा भिंगूने एवढंच विचारलं, “एकोणीस दिवस तुला ठाऊक होतं?”

टाचणीने ‘हो’ म्हणून मान हलवली. भिंगूने भिंतीकडे तोंड फिरवलं.

ती शाळेत परतली आणि पुढच्या बाकावर बसू लागली. टाचणीशी बोलेना. टाचणीचे वडील कामात बुडून गेले, आईने शेजारणीकडे जाणं सोडलं. शाळेत काही जण म्हणत, टाचणी शूर आहे. टाचणीला ते ऐकवत नसे.

दोन महिन्यांनी हेडसरांना दुसऱ्या एका गावच्या शाळेचं पत्र आलं. ‘आपल्याकडे झालेल्या शिबिराबद्दल अभिप्राय कळवावा.’ हेडसर ते पत्र घेऊन नववीच्या निबंधाच्या तासाला आले. “मी लिहिलं तर माझी चूक झाकून लिहीन,” ते म्हणाले. “तुम्ही लिहा. पाहिलं तेवढंच लिहा.”

वर्ग सांगत गेला, टाचणी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत गेली. कागद मांडीवर नको, कपाळासमोर धरा. पट्टी मुलांना बांधता तशी हेडसरांनाही बांधा. हनुवटीखाली पुठ्ठा धरा. जो तपासू देत नाही, त्याला शाळेच्या दारात उभं करू नका. कुणी काहीही म्हणो, डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाचंही औषध बंद करू नका.

“झालं?” हेडसरांनी विचारलं.

“नाही,” पुढच्या बाकावरून भिंगू म्हणाली. तिने मान पूर्ण उजवीकडे वळवली, तेव्हा कुठे तिला फळ्यापाशी उभी असलेली टाचणी दिसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती तिच्याशी बोलली.

“लिही. ज्याला फटीतून दिसतं, त्याने ते पहिल्याच दिवशी सांगावं. कुणीतरी त्याच्यावर विश्वास ठेवून बसलेलं असतं.”

टाचणीने लिहिलं.