पाणबुड्या विरुद्ध चुंबकमावशी

आधीच सांगते, माझा स्वभाव वाईट आहे. हरलेलं मला सहन होत नाही. पत्त्यांत, कॅरममध्ये, वादात, कशातच नाही. चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासते. तिथे गिऱ्हाईकाने खालची ओळ वाचायला पाच मिनिटं लावली तरी मी हूं की चूं करत नाही. "सावकाश होऊ दे, काही घाई नाही," म्हणते. तेवढं गोड बोलायचा मला पगार मिळतो. घरच्यांच्या वाट्याला उरलेली मी येते.

रविवारी सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, दुपारी येशील? ठमीला तुझ्याकडून शिकायचंय."

ठमी म्हणजे त्याची मुलगी, वय वर्षं नऊ. दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गात महामुकाबला होता. प्रत्येकाने कॉमिकमधला एक लढवय्या घ्यायचा, व्हिडिओ गेममधला एक घ्यायचा, दोघांची जुंपायची, आणि कोण जिंकेल, का जिंकेल, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. ठमी बोलताना अडखळते. 'ग' आला की पुढचं काही निघतच नाही. ती म्हणत होती, उद्या मी शाळेतच जाणार नाही.

"मी काय शिकवणार, कप्पाळ?" मी म्हटलं.

"तू ये तर," तो म्हणाला.

लढाया लावण्यात मात्र मी पटाईत. लहानपणी आम्ही दोघं गच्चीच्या जिन्यात बसून तासन् तास हेच करायचो. माझ्याकडे कॉमिकचा गठ्ठा होता, त्याच्याकडे शेजाऱ्यांनी दिलेला जुना गेम. माझी चुंबकमावशी लोखंडाचं काहीही खेचून घ्यायची, आणि कितीही मार बसला तरी तिचा अंबाडा सुटायचा नाही. त्याच्या पाणबुड्याला तीन जीव होते, हातात एक भाला होता, आणि त्याला फक्त डावीकडून उजवीकडे जाता यायचं.

"त्याला मागे वळता येत नाही! मी मागून येणार!" मी ओरडायचे.

"तू कागदातून बाहेर कशी येशील? चौकट आहे ना तुला!" तो म्हणायचा.

पाणबुड्याच्या पाठीवरची हवेची टाकी लोखंडाची की पितळेची, यावर आम्ही एक अख्खी सुट्टी भांडलो. शेवटी पितळेची ठरली, आणि तिथून मी हरायला लागले. पितळ कुठलं मेलं चुंबकाला दाद देतंय!

त्याचं डोकं फार चालायचं. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण सलग नऊ लढाया जिंकला. दहाव्या वेळी मी एक नियम काढला. डाव टाकताना आपल्या लढवय्याचं नाव मोठ्याने आणि पूर्ण म्हणायचं, तेही तीन मोजायच्या आत. नाहीतर डाव बाद. कॉमिकमध्ये असंच असतं, नाव गरजल्याशिवाय ठोसा बसतच नाही, असं मी बिनदिक्कत ठोकून दिलं. भावाला 'प' म्हणता यायचा नाही. ते मला चांगलं माहीत होतं. त्यासाठीच तर नियम होता.

"प… प… प…"

"एक, दोन, तीन. बाद!"

तो लालबुंद व्हायचा. एकदा बिचारा अगदी हळू म्हणाला, "ताई, मी लढवय्या बदलू? गेममधली मगर घेऊ?" 'म' त्याला सहज यायचा. मी म्हटलं, मध्येच बदलायचं नाही. हे आठवलं की आजही माझी मान वर होत नाही. दीड वर्ष मी अशी जिंकत राहिले. मग त्याने खेळणंच सोडलं. आता तो लिफ्ट दुरुस्त करतो. जपून बोलतो, पण बोलतो. मी मात्र त्याच्यापाशी या गोष्टीचा एका शब्दाने विषय काढलेला नाही.

दुपारी ठमीनेच दार उघडलं. मला चप्पल काढायचीही फुरसत दिली नाही. "आत्या, बाबाने सांगितलंय मला. तूच त्याला बोलायला शिकवलंस ना? तो अडकला की तू थांबायचीस. कितीही वेळ. कधी हसली नाहीस."

भाऊ आत कपबशा विसळत होता, पाठ माझ्याकडे करून. तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. मी काय केलं? "हो गं," म्हटलं. वर आणखी "माणसाला थांबता आलं पाहिजे" असा उपदेशही केला. इतका निलाजरेपणा माझ्यात कुठून येतो, देव जाणे.

आम्ही सतरंजीवर बसलो. ठमीने कागदावर आपला लढवय्या काढला होता, गरगऱ्या. गेममधला भोवरा, दोन पाय असलेला. जे वाटेत येईल ते गिळून मोठा होणारा. मी माझी जुनी चुंबकमावशी बाहेर काढली.

"भोवऱ्याची आर, खालचा खिळा, लोखंडाची असते," मी म्हटलं. "खेचली तुझी आर! बस आता खाली."

"खेच ना," ठमी म्हणाली. "आर तू धरलीस की तो तुझ्याभोवतीच फिरणार. तुझे चिमटे, तुझ्या साखळ्या, सगळं खाणार."

अगं बाई! पोरगी बापाच्या वरताण निघाली. मी लोखंडी खांबाचा डाव टाकला, तिने खांब गिळला. मी अंबाड्यातले आकडे फेकले, तेही गेले. माझे कान तापायला लागले. नऊ वर्षांच्या पोरीपुढे मी खरोखर इरेला पेटले होते. शेवटच्या डावाला गरगऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायला ती गुडघ्यांवर उठली.

"ग… ग… ग…"

माझं बोट आपोआप वर गेलं. "एक… दोन…"

मी जीभ चावली, पण ठमीचं तोंड तसंच अर्धं उघडं राहिलं होतं.

"तू मोजतेस?" ती म्हणाली. "बाबा तर म्हणाला…"

"बाबा खोटं बोलला," मी म्हटलं. "मी थांबायचे नाही. मी मोजायचे. त्याला 'प' म्हणता येत नाही हे माहीत असून मुद्दाम मोजायचे." मग सगळंच सांगितलं. मगरीचंही सांगितलं. सांगताना माझी नजर सतरंजीच्या पट्ट्यांवरून हलली नाही.

आतला नळ बंद झाला. भाऊ दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, खोटं का बोललास?"

त्याने हात पुसले. "तुला धीर द्यायला मला अशी एक ताई हवी होती," तो म्हणाला. "मग मला जशी आवडली असती तशी सांगितली."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मी परत चार घातल्या असत्या.

मला वाटलं, ठमी आता रडणार. पण ती मांडी घालून माझ्यासमोर सरकली. "आमच्या वर्गात पण एक जण मोजतो. बोटं दाखवून. मोजणाऱ्याला काय वाटत असतं, आत्या?"

"भीती."

"कसली?"

"हरायची. तुझा डाव भारी असतो. त्याला तो मोडता येत नाही, म्हणून मोजतो."

"म्हणजे तू आत्ता हरत होतीस?"

"सपशेल."

ती खुदकन हसली. मग गंभीर झाली आणि म्हणाली, "मी जाणार उद्या. मोजू दे त्याला शंभरापर्यंत." आणि तिथल्या तिथे तिने गरगऱ्याचं नाव घेतलं. तीनदा अडकली, घाम आला, पण पूर्ण घेतलं. मी हात पाठीमागे धरून बसले होते.

"बाबाने खेळणं सोडल्यावर तू कुणाशी खेळायचीस?" तिने विचारलं.

"एकटीच. दोन्हीकडून मीच लढायचे."

"मग कोण जिंकायचं?"

"काय माहीत. मजाच यायची नाही."

"मी असायचो जिन्याच्या दाराआड," भाऊ म्हणाला. "पाणबुड्याला तू अगदी चुकीचं लढवायचीस. टाकी संपली की तो वर जातो, तू त्याला बुडवायचीस."

"मग आत का आला नाहीस रे?"

"हाकेची वाट बघत होतो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तू एकदाही मारली नाहीस, ताई."