हात गरम झाले तेव्हा

ताईच्या लेकीला मी गारगोटी म्हणायचे. ऐन विशीतली पोर आणि हात बारा महिने गार. त्यात नोकरी फुलांच्या दुकानात, थंड खोलीत सारखी ये-जा. घरी आली की मागून माझ्या मानेला हात लावून पळायची. मी शिव्या घालायचे, तिला तेच हवं असायचं.

ताईचं जडीबुटीचं दुकान, मी तिथं कुटायला आणि पुड्या बांधायला. दुसऱ्यांच्या मुलींना ऊब देता आणि तुमचीच पोर काकडते, दिव्याखाली अंधार, असं गिऱ्हाइकं तोंडावर म्हणत. ताईला ते फार झोंबायचं. मग तिनं हट्टानं पूड केली: काळे तीळ, खारीक, सुंठ, अळीव. रक्त तपासून घेऊ म्हटलं तर माझ्याशी दिवसभर अबोला. रोज सकाळी कोमट दुधातून पूड द्यायची आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायची नाही.

एका सकाळी पेला परत घेताना ताईनं तिचे हात धरले, ते गरम होते. ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं मला बोलावून ते हात दाखवले, शेजारणीला दाखवले, दुकानात तर ज्याला त्याला सांगत सुटली. पोरगी नुसती हसत होती. मग दोन स्वेटर चढवून ती कामाला गेली. दोन स्वेटर ती नेहमीच घालायची, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

आठवड्याच्या आत ती थंड खोलीतच कोसळली. फुप्फुसं भरली होती. ताप बऱ्याच दिवसांचा आहे, डॉक्टर म्हणाले.

ताई औषधं आणायला गेली तेव्हा पोरीनं मला जवळ बोलावलं.

"मावशी, ताप आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण आई इतकी खूश होती गं."

दुसऱ्या दिवशी ती गेली. माझं काळीज फाटलं, ताईचं काय सांगू.

परवा दुकानात एक बाई आली. तुमच्या मुलीला गुण आला ती पूड द्या, म्हणाली. तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. संपली, असं सांगून मी तिला वाटेला लावलं. ताई खलबत्त्याशी बसून होती.

"पोरीलासुद्धा तापाचं कळलं नसेल ना गं?" तिनं विचारलं. "कळलं असतं तर बोलली असती माझ्याशी."

"बोललीच असती, ताई," मी म्हटलं.