डुकरांच्या बादलीतल्या पांढऱ्या गोळ्या

मी अँजिओटेन्सिन बोलतोय. नाव अवघड आहे, मान्य. पण जन्मभर तुमच्या रक्तात फिरतो, तरी माझी चौकशी कोणी केली नाही. रक्तदाब वाढला की शिव्या मात्र मला. आज मी गोड बोलणार नाही.

मी म्हणजे आठ मण्यांची माळ. यकृत एक लांबलचक माळ रक्तात सोडतं. शरीरातलं पाणी, मीठ किंवा रक्त कमी पडलं की मूत्रपिंड एक कात्री पाठवतं. ती दहा मण्यांचा तुकडा तोडते. फुप्फुसातली दुसरी कात्री त्यातले दोन मणी उडवते, की झालो मी. माझं आयुष्य मिनिटभराचं. एक जातो, दुसरा येतो, म्हणून आम्ही सगळे स्वतःला 'मी'च म्हणतो.

प्रशांत महासागरातल्या टोंगा देशात, हापाई बेटांवर, तोकिलुपे नावाच्या मुलीत मी राहत होतो. सहा वर्षांची असताना जुलाबांनी ती पार सुकली. हातपाय गार, डोळे खोल गेलेले. तेव्हा मी तिच्या रक्तवाहिन्या आवळून धरल्या, पाण्याचा थेंबन् थेंब राखला, तहान लावून तिला शहाळ्याचं पाणी प्यायला लावलं. ती जगली. आई म्हणाली, "प्रार्थना फळली." माझं नाव कोणी घेतलं? कोणी नाही!

तोकिलुपे चौतिशीला आली. चर्चच्या गायकवृंदात सगळ्यांत उंच आवाज तिचा. घरात रोज डब्यातलं खारं मांस, रविवारी मेंढीच्या चरबट बरगड्या. तिचं मूत्रपिंड बिथरलं आणि गरज नसताना कात्र्या पाठवत सुटलं. मी आवळत राहिलो. एक मणी गळाला की माझ्यातूनच माझी सात मण्यांची बहीण होते, ती वाहिन्या सैल सोडते. पण ती बिचारी एकटी कुठे पुरी पडणार?

दवाखान्यातल्या लोसालिने नर्सने गोळ्या दिल्या. त्या गोळीने फुप्फुसातली कात्री बांधून टाकली. मी कमी झालो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. पण तीच कात्री घसा खवखववणारा एक पदार्थही कापते. तो साचला आणि तोकिलुपेला कोरडा खोकला लागला.

जूनमधली गायनस्पर्धा तोंडावर आलेली. सरावात ती तिसऱ्यांदा खोकली, तेव्हा वृंद चालवणारा हालोती म्हणाला, "बाई गं, स्तोत्र म्हणतेस की बंदरावरचं कुत्रं भुंकतंय?"

सगळे हसले. तीही हसली. घरी आली आणि गोळ्यांचं पाकीट डुकरांच्या बादलीत, तारोच्या म्हणजे अळकुडीच्या सालींखाली रिकामं केलं.

डुकरांना खायला घालणं तिच्या धाकट्या भावाचं, फेलेतीचं काम. त्याला त्या गोळ्या दिसल्या. खोकला तर भिंतीपलीकडून तो रोज ऐकत होता. पण टोंगात भाऊ बहिणीच्या खोलीत जात नाही, तिच्या शरीराबद्दल, दुखण्याबद्दल तोंड उघडत नाही. बहीण मानाने वरची. फेलेती गप्प बसला. काव्हा या मुळांच्या गुंगीदार पेयाच्या बैठकीत मात्र त्याची जीभ सुटली.

"आमच्या डुकरांचं बीपी आता एकदम झकास!"

"मग त्यांनाच स्पर्धेत उभं कर की," मित्र म्हणाला. दोघे पोट धरून हसले.

मला हात असते तर त्याच्या कानशिलात दिली असती.

खोकला थांबला. कात्री सुटली. मी पुन्हा लोंढ्याने आलो. तिला काही जाणवलं नाही, माझा आवाज होतच नाही. स्पर्धेच्या दिवशी तिने शेवटचा उंच सूर धरला. लोक उठून उभे राहिले, आणि तिच्या मेंदूतली एक बारीक वाहिनी फुटली. तीच वाहिनी, जी एकेकाळी मी जपली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मर्तिकात फेलेती, बहिणीहून मानाने खालचा म्हणून, रिवाजाप्रमाणे मागच्या अंगणात रांधायला होता. अंगाभोवती शोकाची मोठी फाटकी चटई, पुढ्यात जेवणाच्या भट्टीचे तापलेले दगड. लोसालिने तिथे आली.

"खोकला येत होता तिला?"

त्याने भट्टीतला एक दगड काठीने सरकवला.

"अरे, खोकला न आणणारी दुसरी गोळी आहे माझ्याकडे. ती रक्तदाब वेगळ्या वाटेने उतरवते. त्याच दिवशी बदलून दिली असती. मला कुणी सांगायचं तरी!"

फेलेतीने हातातलं तारोचं गाठोडं भट्टीवर आपटलं. "तिच्या खोकल्याला हसणाऱ्या त्या हालोतीचा गळाच धरतो!" त्याचं काळीज धडधडायला लागलं, मूत्रपिंडाने कात्री सोडली, आणि त्याच क्षणी त्याच्या रक्तात मी जन्मलो. तिच्यातला मी संपलो होतो, आता इथून बोलू लागलो.

तो हालोतीकडे निघाला होता. वाटेत मृतदेहापाशी मानाच्या जागी बसलेली, शेजारच्या घरातली आत्या दिसली; टोंगात कुटुंबात आत्याचाच शब्द शेवटचा. तो गुडघ्यांवर बसला.

"आत्या, मला माहीत होतं. गोळ्या बादलीत पाहिल्या होत्या मी. पण बहिणीशी कसं बोलायचं?"

आत्या म्हणाली, "तिच्याशी नाही बोलायचं, हे खरं. पण माझ्याशी बोलायला तुला कुणी अडवलं होतं? आत्या असते कशासाठी रे?"

म्हणून सांगतो, रिवाजावर ढकलू नका. रिवाजाने दार ठेवलं होतं. डुकरांचा विनोद करायला याला वेळ होता, दहा पावलं चालून आत्याकडे जायला नव्हता! आणि मलाही खुनी म्हणू नका. मी राखणदार आहे, पण थांब म्हटल्याशिवाय मला थांबता येत नाही.

आता मी फेलेतीत आहे. चोवीस वर्षांचा आहे तो. काल लोसालिनेने त्याच्या दंडाला पट्टा बांधला, वाढलेला आकडा पाहिला आणि विचारलं, "काही त्रास लपवतोस का?"

सांग, फेलेती. या वेळी तरी तोंड उघड.