काचघराला खोली म्हणत नाहीत

ग्लेनिस ऑल्डरॉइडला राग आला की ती भांडी घासायला घ्यायची, आणि घासून झाली की घासलेलीच पुन्हा घासायची. त्या फेब्रुवारीत तिच्या स्वयंपाकघरातलं एकही पातेलं मळकं राहिलं नव्हतं. रागाचं कारण टेबलावर उघडं पडलं होतं: कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, दोन पत्रं, एकाच ठशाची, एकाच घडीची, सहा आठवड्यांच्या अंतराने आलेली.

पहिल्यात म्हटलं होतं की आपल्या घरी तळमजल्यावर काचघराची जादा खोली उपलब्ध आहे, म्हणून जिन्यावरून नेणाऱ्या खुर्चीसाठी मदत देता येत नाही. दुसऱ्यात म्हटलं होतं की काचघर ही राहण्याची खोली धरली जात नाही, म्हणून त्याच्या छपराला थंडी अडवणारं अस्तर लावायला मदत देता येत नाही. दोन्हीच्या खाली 'आपला विश्वासू' होतंच.

"खुर्ची नाकारायची तेव्हा ती खोली, आणि अस्तर नाकारायचं तेव्हा ती खोली नाही!" शेजारच्या विल्फसमोर तिने दोन्ही कागद आपटले. "लाज कशी वाटत नाही यांना? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना!"

"फोन केलास?"

"तीनदा. दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. जन्मतारखेपासून! तिसऱ्या पोरीने तर मला विचारलं, काचघरात रात्री कोणी झोपतं का? म्हटलं, झोपायला माणूस घरी येऊ दे ना आधी!"

तो माणूस म्हणजे तिचा नवरा, डेस्मंड. चाळीस वर्षं त्याने गावातली बस चालवली. नोव्हेंबरात मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, फक्त 'साला' एवढा एकच शब्द जिभेवर राहिला. सूप आलं की साला, नर्स आली की साला. ग्लेनिस भेटायला गेली की तोच शब्द तो इतक्या हळू म्हणायचा की तिला बाहेर जाऊन डोळे पुसावे लागायचे.

दवाखाना त्याला सोडायला तयार होता. अट एकच. तळमजल्यावर पलंग हवा आणि सकाळी नऊ वाजता तिथे अठरा अंश तरी ऊब हवी. तपासायला कौन्सिलचा माणूस शुक्रवारी येणार होता. ऊब नसेल तर डेस्मंडची रवानगी टेकड्यांपलीकडच्या वृद्धाश्रमात होणार होती. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत, आणि रविवारी त्यातली एक नसेच.

घराची पुढची खोली एवढीशी, त्यातूनच जिना वर गेलेला. दवाखान्याचा पलंग मांडला तर पुढचं दार उघडेना. उरलं मागचं काचघर, म्हणून पलंग तिथे मांडला. तीस वर्षांपूर्वी सगळ्या गल्लीने एकमेकांचं बघून अशी काचघरं बांधली, तेव्हा डेस्मंडनेही बांधलं. भिंती काचेच्या, छप्पर पोकळ प्लास्टिकच्या पत्र्यांचं. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फाची पेटी. तिथे निवांत बसता यायचं ते मे महिन्यात, तीनेक आठवडे. आता तिने दोन दिवस हीटर लावून पाहिला. विजेचा मीटर गरगर फिरला आणि तापमापकाचा काटा बारा अंशांवर अडकला. सगळी ऊब वर जायची आणि छपरातून थेट बाहेर.

छपरं बदलणाऱ्या कंपनीचा एक गुळगुळीत विक्रेताही येऊन गेला. चौदा हजार पौंड म्हणाला, मग आज सही केलीत तर अकरा. "आणि उद्या केली तर नवरा फुकट देता का?" असं विचारून ग्लेनिसने त्याला दार दाखवलं.

मग ती स्वतःच कामाला लागली. एकाहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यांची तक्रार. दुकानातून चंदेरी अस्तराच्या गुंडाळ्या आणल्या, म्हणजे पातळ गोधडीसारखे थर, दोन्ही बाजूंनी चकचकीत. शिडीवर चढून तिने ते चिकटपट्टीने थेट छपराच्या पत्र्यांना चिकटवले. दोन दिवस लागले. मान मोडून आली, पण काटा पंधरावर गेला आणि ती एकटीच स्वयंपाकघरात नाचली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पलंगावरची गादी ओली. अस्तराच्या सांध्यांतून पाणी टपकत होतं. तिला वाटलं छप्पर गळतंय. विल्फला बोलावलं. त्याने आयुष्यभर कारव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची छोटी घरं, दुरुस्त केली होती. त्याने वर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई, हे काय करून ठेवलंस? अस्तर नाही, पुडी बांधलीस!"

"गळतंय म्हणून बोलावलंय तुला, अक्कल शिकवायला नाही."

"गळत नाहीये. आतली दमट हवा सांध्यांतून वर शिरते, थंडगार पत्र्याला लागते आणि तिचं पाणी होतं. पत्रा आणि अस्तर यांच्यामध्ये बोटभर जागा पाहिजे, आणि खालून एक फट राहता कामा नये. कारव्हॅनवाल्या पोरालाही कळतं हे."

"मग तो कारव्हॅनवाला आधी का नाही बोलला?"

"तू विचारलंस कुठे? तू तर भांडी घासत होतीस."

ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण विल्फचं म्हणणं खरं होतं, आणि तिला मदत मागायची सवय नव्हती हेही खरं होतं. त्या गल्लीत कोणी कोणाकडे काही मागत नसे. कसं चाललंय म्हटलं की 'तक्रार नाही' म्हणायचं, मग घरात गादीवर पाणी टपकत का असेना. तिने नुसतं "चहा टाकते" म्हटलं, आणि विल्फला ते माफी म्हणून पुरलं.

सगळं उतरवलं. विल्फने पत्र्यांखालच्या आडव्या दांड्यांना लाकडी पट्ट्या ठोकल्या, म्हणजे मध्ये हवेला जागा राहिली. कडेला ती हवा बाहेर पडेल एवढी फट ठेवली. पट्ट्यांवर तेच अस्तर वाळवून ताणून लावलं आणि एकेक सांधा चंदेरी पट्टीने बंद केला. त्याखाली परत पट्ट्या, आणि वरून न्हाणीघराच्या छताला लावतात तसल्या हलक्या पांढऱ्या फळ्या. त्या विल्फच्या शेडमध्ये कुठल्याशा कामातून उरलेल्या होत्या. ग्लेनिस खाली उभी राहून फळ्या झाडूच्या दांड्याने टेकवून धरायची आणि वरून विल्फच्या शिव्या ऐकायची. सगळं मिळून त्या विक्रेत्याच्या आकड्याचा तिसावा हिस्साही लागला नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाऊस आला. एरवी त्या छपरावर असा ताशा वाजायचा की बोललेलं ऐकू येत नसे. आज नुसती पुटपुट. ग्लेनिसने हीटर मंद ठेवला आणि काटा एकोणिसावर स्थिर राहिला. तिला रडू आलं. मग रडू आलं याचाच राग आला.

शुक्रवारी नऊला कौन्सिलचे मिस्टर टिंडल आले, तेव्हा विल्फही तिथेच होता. चाळिशीचे, गळ्यात ओळखपत्र, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आत शिरणारे. ग्लेनिसने चहा विचारला नाही. त्यांनी पलंगाशी यंत्र धरलं, थांबले, पुन्हा धरलं.

"एकोणीस. छान आहे."

मग त्यांनी वर पाहिलं, आणि नंतर स्वयंपाकघराकडे. "इथे मधलं दार होतं ना?"

"होतं. दवाखान्याने काढायला लावलं. चाकांची खुर्ची जात नव्हती."

टिंडल अवघडले. "मिसेस ऑल्डरॉइड, मला सांगणं भाग आहे. दार काढलं, छत असं भरलं, म्हणजे हे आता काचघर राहिलं नाही. ही घराची खोली झाली. खोलीला बांधकाम खात्याची परवानगी लागते. मला कळवावं लागेल. ते कदाचित हे उतरवायला सांगतील."

विल्फने डोळे मिटले. ग्लेनिस मात्र हलली नाही. तिचा आवाज उलट खाली आला, आणि विल्फला माहीत होतं की हे जास्त वाईट.

"काय झाली म्हणालात?"

"खोली."

"पुन्हा म्हणा."

"खोली, मिसेस ऑल्डरॉइड."

तिने ती दोन्ही पत्रं आणून पलंगावर शेजारीशेजारी ठेवली. "वाचा. मोठ्याने वाचा. माझं वाचून झालंय."

टिंडलनी वाचली. पहिलं मोठ्याने, दुसरं अर्ध्यावर मनातल्या मनात. त्यांचे कान लाल झाले.

"चार महिने!" ग्लेनिस म्हणाली. "चार महिने माझा नवरा परक्या पलंगावर पडलाय, कारण तुम्हाला ठरवता येईना हे काय आहे ते. पैसे द्यायचे म्हटलं की काचघर, दंड करायचा म्हटलं की खोली? मी भिकारीण नाही. या घराचा कर आम्ही चाळीस वर्षं भरला, एक हप्ता चुकला नाही. आणि माझ्या माणसाने कुठे झोपायचं हे मी तुम्हाला विचारत फिरायचं?"

"ही पत्रं माझ्या खात्याची नाहीत," टिंडल हळूच म्हणाले.

"तुमची कधीच नसतात."

मग त्यांनी फॉर्म उघडला. ऊब एकोणीस अंश, लिहिलं. पुढच्या रकान्यात जागेचं नाव हवं होतं. पेन तिथे थांबलं.

"काचघर लिहिलं तर दवाखाना तुमच्या मिस्टरांना घरी सोडणार नाही," ते म्हणाले. "आणि खोली लिहिलं तर तुमच्यामागे बांधकाम खातं लागेल. खरं सांगतोय."

"खोली लिहा," ग्लेनिस म्हणाली. "झोपायची खोली. आणि त्याची प्रत मला द्या, सहीनिशी. अस्तराची मदत मागताना मी तीच दाखवणार आहे."

"ते तपासायला येतील."

"येऊ देत ना. पण आज दुपारनंतर या म्हणावं. तेव्हा खाली डेस्मंड झोपलेला असेल. छप्पर उतरवायचं असेल तर त्याच्या अंगावरून शिडी लावून उतरवा, आणि मी इथे खुर्ची टाकून बसलेली असेन."

टिंडलनी लिहिलं. अक्षर न् अक्षर, सावकाश. सही केली, प्रत फाडून तिच्या हातात दिली आणि तिथूनच दवाखान्याला फोन लावला. गाडी दोन वाजता निघेल असं पलीकडून सांगितलं.

ते गेल्यावर विल्फ म्हणाला, "आणि खरंच आले तर?"

"तर तू शिडी लपव," ग्लेनिस म्हणाली, आणि पलंगावर कोरडी चादर घालायला वाकली. कोपरा काही केल्या नीट खोचला जाईना. विल्फने दुसरं टोक धरलं.