चार बोटांची पट्टी

थाओ साहेबांनी घरी बोलावून गादीच्या खुर्चीवर बसवलं, वर कमळबियांच्या वड्या पुढे केल्या, तेव्हाच लानशिनच्या मनात पाल चुकचुकली. भरतकाम करून पोट भरणाऱ्या विधवेला सूचौ शहरातली बडी माणसं उगीच चहा पाजत नाहीत. त्यातून कोपऱ्यात फेई बसलेला. हा चित्रांचा दलाल. नवरा गेल्यावर सुतकाचे एकोणपन्नास दिवसही उलटले नव्हते, तेव्हा गोड बोलून त्याची सगळी चित्रं हाच गठ्ठ्याने उचलून घेऊन गेला होता. आज मात्र तिच्याकडे बघायला तयार नव्हता.

साहेबांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवलं. "वेळूबेटाच्या गुरूंच्या हातचं, तीनशे वर्षांपूर्वीचं, असं हा फेई सांगतो. तुमचे यजमान यान त्याच गुरूंच्या धाटणीत डोंगर काढायचे म्हणे. खरं सांगा यानबाई, हे त्यांचं तर नाही ना?"

"आणि असलं तर?"

"तर शेगडीत. नक्कल मी घरात ठेवत नाही."

"साहेब, बायकामाणसाला चित्रातलं काय कळणार?" फेई घाईने म्हणाला.

"तुला विचारलंय का मी?"

लानशिन उठून जवळ गेली. डोंगर, पाणी, एक रिकामी झोपडी. खडकांच्या पायथ्याशी शाईच्या कडा जरा फुटलेल्या. ते बघितलं आणि तिने चित्र ओळखलं. त्या हिवाळ्यात दगडी दौतीत पाणी गोठत होतं, म्हणून तिने तांदळाच्या दारूत शाई घोटून दिली होती. 'तुझी शाई झिंगलीय,' म्हणत यान कुरकुरला होता, पण त्याने चित्र पुरं केलं.

यानने कधी कोणाची चोरी केली नाही. कोणत्या गुरूंच्या धाटणीत काढलं ते प्रत्येक चित्रावर तो स्वतःच्या अक्षरात लिहायचा आणि खाली नाव घालायचा. ह्या चित्रात ते लिहिणं उजव्या कडेला होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण जागा पक्की आठवत होती. तिथे आता डोंगराच्या खांद्याला खेटून रेशमाची किनार चिकटवली होती. लिहिलेली पट्टी कोणीतरी कापून काढली होती. कात्री कोणाची, हे विचारायची गरज नव्हती.

तिच्या अंगाचा भडका उडाला. एक शब्द बोलली असती तर फेई रस्त्यावर आला असता. पण चित्रही जळलं असतं, आणि यानच्या हातचं तिच्यापाशी तर काहीच उरलं नव्हतं.

"नाही हो," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना एवढं कुठलं जमायला?"

साहेबांचा चेहरा खुलला. "तेच म्हटलं. ज्याची त्याची मजल असते."

हे तिला फार लागलं. तिने वडी तोंडात टाकली.

बाहेर गल्लीत फेई कमरेत वाकला. "वहिनी, उपकार झाले तुमचे."

"पट्टी कुठाय?"

"कसली पट्टी?"

"शेठ, तुम्ही सुतळीचा तुकडा फेकत नाही. खऱ्या हाताचं अक्षर फेकाल होय? पुढेमागे कुठल्यातरी खोट्या चित्राला डकवायला ठेवलं असणार. उद्या सकाळी आणून द्या. नाहीतर मला इथल्या वड्या फार आवडल्यात. परत येईन म्हणते."

सकाळी फेई दारात हजर. चार बोटं रुंदीचा कागद, वरपासून खालपर्यंत अक्षरं.

"वाचा," ती म्हणाली.

फेईने घसा खाकरला. "'शाई गोठली. बायकोने दारूत घोटून दिली, म्हणून हे डोंगर उभे राहिले. वेळूबेटाच्या गुरूंच्या धाटणीत, यान बोचिंग.'"

लानशिनचा विश्वास बसेना. हा गोडबोल्या माणूस. तिला खूश करायला काहीही वाचून दाखवेल. तिने पट्टी फडक्यात गुंडाळली आणि तडक देवळाच्या दारातल्या पत्रलेखकाकडे गेली. म्हाताऱ्याने चष्मा चढवला, कागद उजेडात धरला आणि सावकाश वाचलं. शब्दन् शब्द तोच होता.

"बायको म्हणजे तुम्हीच का?" त्याने विचारलं.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.