खड्डा पडलेली गादी

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. सोफ्यांना, खुर्च्यांना नवं कापड चढवायचं आमचं दुकान आहे. दिवसभर हातात दाभण आणि हातोडी असली की माणूस गोड बोलायचं विसरतो, असं आमचे हे म्हणतात. स्वतः कोपऱ्यात बसून सुतळी गुंडाळतात, त्यांना काय जातंय बोलायला!

चिंधी आमच्याकडे आली ती एका सोफ्याच्या बदल्यात. घर सोडून चाललेल्या एका कुटुंबाने जुना सोफा घेऊन जा म्हणून बोलावलं होतं. गेले, तर बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे हे एवढंसं कुत्रं. दोरी इतकी आखूड, की बिचारीला धड आडवंही होता येत नव्हतं. अंगभर केसांच्या गुठळ्या, कानातून घाण वास. मी बघतेय म्हटल्यावर घरातली बाई म्हणाली, "हवी तर हिलाही न्या. नाहीतरी सोडूनच देणार होतो."

मी तिला काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. सोफा तिथेच ठेवला आणि कुत्रं उचलून आणलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी केस भादरले, तर आत मूठभरच जीव निघाला. त्यांनी कानात घालायला थेंब दिले. दुकानात आल्या आल्या ती चिंध्यांच्या ढिगात शिरली, म्हणून तिचं नाव चिंधी. हातोडी आपटली, दारात कुणी आलं, काहीही झालं तरी ती कधी ब्र काढायची नाही. हात पुढे केला की भिंतीला चिकटायची. थेंब घालायचे म्हणजे तर रोजची लढाई, आणि जखमी रोज मीच.

मीच ठेवली असती हो. पण ह्यांना दमा. ती आली तशी ह्यांची छाती वाजायला लागली. हे आपले म्हणतात, "राहू दे गं, धुळीनं होतंय." ह्यांचे डॉक्टर मात्र स्पष्ट म्हणाले, कुत्रं ठेवा नाहीतर नवरा. मी विचार करायला जरा वेळ घेतला, तर हे रुसून बसले.

मग येईल त्या गिऱ्हाइकाच्या मागे लागले. एकाला राखणीला भुंकणारं हवं होतं. एक जोडपं हौसेनं घेऊन गेलं आणि लगेच परत घेऊन आलं. "ती आमच्याकडे बघतसुद्धा नाही," म्हणाले. "तुमच्याकडे बघण्यासारखं आहे काय?" मी म्हटलं. झालं, तेही गेले. शेवटी रविवारी तिला गावाबाहेरच्या कुत्र्यांच्या आश्रयगृहात पोचवायचं ठरलं. तिथली माणसं चांगली आहेत, पण पिंजऱ्याला पिंजरा लागून, आणि सगळ्यांचा एकच गोंगाट. आमची मुकी तिथे कोपरा धरून बसली असती आणि कुणाचं तिच्याकडे लक्षही गेलं नसतं.

त्याच आठवड्यात नर्सबाईंची खुर्ची पोचती केली होती. ह्या निवृत्त नर्स, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. थोरली बहीण आणि त्या अशा दोघीच होत्या, त्यातली ताई गेल्या वर्षी गेली. खुर्ची ताईची. देताना त्यांनी बजावलं होतं, "फक्त वरचं कापड बदला. आत हात लावायचा नाही." चिंधीचं त्यांनाही विचारलं होतं मी. "नको बाई. आयुष्यभर पेशंटांचं केलं, मग ताईचं केलं. आता कुणाचं काही करायचं नाही," म्हणाल्या.

कापड काढलं, तर आत गादीला हा खड्डा! काथ्या बसलेला, कापूस कडेला सरकलेला. माझे हात शिवशिवायला लागले. खड्डा पडलेली गादी माझ्या दुकानातून बाहेर जायची म्हणजे माझं नाक कापल्यासारखंच. हे म्हणाले, "बाईंनी नको म्हटलंय ना?" मी म्हटलं, "गिऱ्हाइकाला काय कळतं!" जुनी गादी कोपऱ्यात फेकली आणि नवा स्पंज घालून खुर्ची अशी काही टणाटण केली की बघत राहावं.

शनिवारी सकाळी नर्सबाई दुकानात हजर. पायात घरातल्याच चपला.

"खड्डा कुठाय?"

"भरला की! आता बघा कशी छान..."

"मी सांगितलं होतं भरायला?" त्या अगदी माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "ताई बसायची तिथे. तो खड्डा दिसला की वाटायचं, आत्ताच उठून आत गेलीय, येईल. तुम्ही तिला कायमचं उठवलंत हो."

माझी वाचाच बसली. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच झालं असेल. शेवटी हेच म्हणाले, "गादी टाकलेली नाही. तिथे आहे बघा."

आम्ही सगळ्यांनी कोपऱ्याकडे बघितलं. मी गादी टाकणारच होते, पण त्या दिवसापासून चिंधीने चिंध्या सोडून तिचाच ताबा घेतला होता. आत्ताही बरोबर त्या खड्ड्यात, नाकाला शेपूट लावून, गोल होऊन पडली होती. जणू तिच्या मापानंच तो केला होता.

"उठवते हिला," म्हणत मी हात पुढे केला. चिंधीने अंग चोरलं, थरथरायला लागली, पण जागची हलली नाही.

नर्सबाईंनी मला कोपरानं बाजूला सारलं. "असा वरून हात न्यायचा नसतो. घाबरते ती." मग गुडघे धरत खाली फरशीवर बसल्या. जरा वाकून वास घेतला. "कान चिघळलाय. औषध?"

"आहे, पण घालू देत नाही. चावते."

"आणा इकडे."

त्यांनी बाटली लगेच उघडली नाही. दोन्ही तळव्यांत धरून बसून राहिल्या. "गार थेंब कानात पडले तर मीही चावेन," म्हणाल्या. इतके दिवस मी बाटली खिडकीतून उचलत होते आणि तशीच गारगार ओतत होते. वर पुन्हा तिलाच शिव्या!

बाटली कोमट झाल्यावर त्यांनी एक हात हनुवटीखाली घातला आणि काहीतरी पुटपुटत थेंब आत सोडले. चिंधी हलली नाही. थोड्या वेळाने तिनं हनुवटीचा सगळा भार त्यांच्या हातावर टाकला आणि डोळे मिटले.

नर्सबाई हात काढेनात. "ताईच्या कानात घालायचे मी असेच," त्या म्हणाल्या. "तीही आधी भांडायची." आणि रडायला लागल्या. मग मीही. हे सुतळी गुंडाळत नाक ओढत होते. विचारलं तर म्हणतात, दमा आहे.

"बाई, हिला उद्या आश्रयगृहात नेणार आहे मी," मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी मोकळ्या हातानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "खुर्ची मागवून घ्या. हीच गादी परत आत बसवा. आणि खुर्ची घरी आणाल तेव्हा हिलाही आणा. तिला तिथून उठवायचं नाही. पुरे झालं उठवणं."

टणाटण स्पंज मी स्वतः उपसून काढला. जुनी गादी, तिचा खड्डा तसूभरही न हलवता, हातानं टाके घालून बसवली. इतकं वेडंवाकडं काम इतक्या जिवापाड मी कधी केलं नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी त्यांच्या घरी डोकावले. बेल दाबली, तर आतून भुंकण्याचा हा दणका! मला वाटलं, दार चुकले. दार उघडलं. नर्सबाईंच्या पायांपुढे चारही पाय रोवून चिंधी उभी. केस वाढलेले, शेपूट ताठ, आणि माझ्याकडे बघून भुंकतेय. माझ्याकडे!

"अगं ए भवाने, मी! मी तुला उचलून आणलं ना!"

"चिंधे, पुरे. ओळखीच्या आहेत," नर्सबाई म्हणाल्या. मग ती उडी मारून खुर्चीत, आपल्या खड्ड्यात जाऊन बसली. नव्या कापडावर केसच केस. मी सवयीनं म्हटलं, "झाडून देऊ का?"

"हात लावायचा नाही," नर्सबाई म्हणाल्या. ह्या वेळी हसत.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, "मेली माझ्यावर भुंकली हो!" आणि हसता हसता रडूच फुटलं मला. हे सुतळी खाली ठेवून जवळ आले. "खरंच भुंकली? कशी गं?" त्यांनी विचारलं.

मग मी त्यांना भुंकून दाखवलं.