तंबूबाहेर

"गाशे, तुम्ही तंबूच्या आत का येत नाही कधी?"

विचारलं एकदाचं! मागे माझ्या मैत्रिणींचं, हेरान आणि सोल्यानाचं, खिदळणं बंद पडलं. पैज त्यांचीच. "वादविवादात ढाल आणलीस म्हणून मिरवतेस ना? मग विचार म्हाताऱ्याला. आहे हिंमत?" हिंमत होतीच. यंदा माझ्याकडे ती भरपूर आहे.

शिंपीणबाईंची आई गेली होती. गल्लीत दुखवट्याचा तंबू लागला होता. शोकात करतात तसे पांढऱ्या शालींचे काठ उलटे करून, गळ्याशी घेऊन बायका रडत होत्या. उकडलेल्या गहू-हरभऱ्याच्या थाळ्या फिरत होत्या. गल्लीच्या मयत-मंडळाचा तंबू बाबाच लावतात; खांब, दोर, बाकं, सगळं आमच्या पडवीत. आणि मयत कोणाचंही असो, गाशे अस्रात (वडीलधाऱ्यांना आम्ही गाशेच म्हणतो) सगळ्यांत आधी हजर. काळा कोट, हातात टोपी. दोरापलीकडे उभे राहतात ते अंधार पडेपर्यंत. त्यांची बायको गेली तेव्हासुद्धा तसेच. आम्ही सगळे आत, आणि ज्याचं दुःख तो बाहेर!

साधासुधा माणूस नाही हा. त्यांच्या कादंबरीतला धडा आम्हाला शाळेत आहे. एके काळी सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. कादंबरी मात्र एकच लिहिली.

"कोणी पाठवलं?" त्यांनी विचारलं.

"मैत्रिणींनी. पण मलाही विचारायचंच होतं."

ते हसले. जरासे. मग दोरावर हात ठेवून म्हणाले, "तुझा बाप दोर छान ताणतो हं."

मी थांबून राहिले. मला थांबणं जमत नाही, तरी.

"लष्कराचं राज्य होतं. सकाळी रस्त्यावर पोरं मरून पडलेली असायची. आयांनी त्यांच्यासाठी रडायचं नाही, तंबू लावायचा नाही, असा हुकूम काढायचा होता. वरचे म्हणाले, अस्रात, तुझी भाषा गोड, तूच लिही." त्यांची नजर तंबूकडे गेली. "लिहिला. रेडिओवर वाचला गेला. फार सुरेख लिहिला होता, पोरी."

"नाही म्हणायचं होतं ना!"

"तेच धाडस तुझ्याकडे आहे. माझ्याकडे नव्हतं." टोपी त्यांनी छातीशी धरली. "आठवडाभरात आमचा मुलगा मेस्फिनही तसाच गेला. तुझ्याएवढा. त्याची आई तोंडात उशी कोंबून रडत होती, आणि मी तिला म्हणालो, हळू रड, शेजारी ऐकतील."

आत बायकांनी एकदम टाहो फोडला.

"त्याला तंबू मिळाला नाही. मी लोकांच्या तंबूत कुठल्या तोंडाने बसू? जा, बापाला सांग हे. इतकी वर्षं तो माझ्याशी अदबीने बोलतो. मला सांगवलं नाही."

घरी आई कॉफीचे दाणे भाजत होती. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बाबा, मेस्फिनचा तंबू लावू या."

बाबांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"तो हुकूम यांनी लिहिला?"

"हो."

"माझा थोरला भाऊ त्याच महिन्यात गेला. गिर्मा. माझी आई संडासात जाऊन रडायची, दार लावून. मी लहान होतो, बाहेर राखण करायचो." बाबा भिंतीकडे बघत होते. "आणि मी त्या माणसाला दर सणाला घरी बोलावून जेवायला घालतो!"

गिर्माकाका होते हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आमच्या घरात त्यांचा साधा फोटो नाही.

"आणि मंडळाचा नियम आहे," बाबा पुढे म्हणाले, "मयताचे तीन दिवस. इतक्या वर्षांनी कसला तंबू? लोक हसतील."

दाणे करपल्याचा वास सुटला. आई तव्याकडे बघतच नव्हती. ती उठली, खुंटीवरची शाल काढली आणि तिचा काठ उलटा केला.

मी पडवीत जाऊन पहिला खांब ओढून आणला. जड असतो हो!

"बाबा, आई, उद्या मी शाळेत जाणार नाही. आपल्या दारात तंबू लागणार आहे. मेस्फिनचा आणि गिर्माकाकांचा, दोघांचा एकच. गाशेंना हाताला धरून मी आत आणणार आहे. दोर तेवढे तुम्ही ताणा, बाबा. माझे सैल राहतात."